नांव आणि नांवें

(ज्युबिली वर्षांत आमच्या धर्मग्रामांतील आईबापांच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिली समितीनें आम्हांस आईबापांच्या कर्तव्यांवर चार शब्द बोलावयास सांगितलें. विषय समुद्राएवढा मोठा. त्याच्या कांठाकांठानें फेरी मारून आलें म्हणजे श्रोत्यांस झोंप येते, आणि बोलणाऱ्यास बोलल्याचें समाधान तेवढें लाभतें. म्हणून आम्हीं त्यांतील एकच प्रश्न निवडिला आहे. गेल्या कांहीं वर्षांत तो आमच्या कार्यालयाच्या दारांतून वारंवार आंत आला आहे. शाळेंतून चिठ्ठी येते कीं, मुलाचें वर्गांत लक्ष नसतें, एकदां डॉक्टरांस दाखवावें. चिठ्ठींत चार अक्षरें असतात: ए.डी.एच.डी. आई ती चिठ्ठी बारीक घडी करून आणते, बाप बाहेर स्कूटरवरच बसून राहातो, आणि आई हळू आवाजांत विचारते, "फादर, दाखवूं कां? कीं मोठा झाल्यावर आपोआप सुधारेल?"

आम्ही डॉक्टर नव्हे; निदान करण्याचा अधिकार आमचा नाहीं. परंतु डॉक्टरकडे जावें कीं न जावें, हा निर्णय डॉक्टरच्या दाराबाहेरच व्हावयाचा असतो, आणि तेथवर तुमच्याबरोबर चालणें हें आमचें काम आहे असें आम्ही समजतों.

त्या अक्षरांचा मराठी अर्थ 'अवधानाची उणीव व अतिचंचलता' असा करितात. आमच्या मतें उणीव हा शब्द थोडा फसवा आहे. अशा मुलाजवळ लक्ष असतें, पण त्याचा लगाम त्याच्या हातीं नसतो. सायकलची सांखळी बसवितांना, विहिरींतले मासे पाहतांना, क्रिकेटच्या मैदानावर, तें दोन दोन तास रमतें. आणि सात ओळींचें शुद्धलेखन लिहितांना तिसऱ्या ओळीवर पाणी प्यावयास म्हणून उठतें, तें परत येत नाहीं. हें पाहून घरांत म्हणतात, "खेळांत बरें ध्यान लागतें ह्याचें! अभ्यासाच्याच वेळीं कसें उडतें? सोंग आहे सारें." वास्तविक हा विरोधच त्या स्थितीची खूण आहे. जें काम क्षणोक्षणीं कांहीं नवें देतें, तें मुलास आपल्याकडे ओढून घेतें. जें देत नाहीं, त्याकडे मुलानें स्वतःस ओढून न्यावें लागतें, आणि हें ओढण्याचें बळ अशा मुलाच्या ठायीं वयाच्या मानानें मागें राहिलेलें असतें. आमचा एक वेदीसेवक होता. मिस्सा चालूं असतां घंटा वाजविण्याची वेळ तो हमखास चुकवी, कारण त्याचे डोळे छपरांतल्या चिमण्यांवर असत. एका रविवारीं एक म्हातारी भोवळ येऊन खालीं पडली. सगळें देऊळ थिजून बसलें होतें. पाणी घेऊन प्रथम धांवला तो हाच.

बाप्तिस्म्याच्या वेळीं आम्ही दारापाशींच आईबापांस विचारतों, "ह्या मुलाचें नांव काय ठेवलें?" आपल्या मराठी भाषेची गंमत पाहा. एक नांव ठेवलें तर तो संस्कार होतो, आणि तींच अनेकवचनीं ठेवलीं म्हणजे निंदा होते. चंचल मुलास नांवें ठेवण्यास आपल्यापाशीं शब्दांचा तोटा नाहीं: द्वाड, वांड, धांदरट, वेंधळा, उनाड, नाठाळ, आळशी, मठ्ठ. हींही निदानेंच आहेत. तीं फुकट मिळतात, त्यांना फी लागत नाहीं, आणि मूल दहा वर्षांचें होईतों तीं सगळीं त्यास पाठ झालेलीं असतात. 'डॉक्टरकडे नेलें तर मुलावर शिक्का बसेल' असें कोणी म्हटलें म्हणजे आम्ही त्यांस विचारतों, आज त्याच्या पाठीवर किती शिक्के आहेत ते मोजून पाहिलेत काय? मुलीच्या बाबतींत लग्नाची काळजी बोलून दाखविली जाते. ती काळजी खोटी नाहीं. आपला समाज आम्हांसही ठाऊक आहे. पण डॉक्टरचा कागद कपाटांत कुलपाखालीं ठेवतां येतो. 'हिच्या हातून एक काम धड होत नाहीं' हें वाक्य मात्र चुलत्यामावश्यांसमोर, मोठ्यानें, तिच्या देखत बोललेलें असतें.

वडीलधारी मंडळी म्हणतात, "आमच्या काळीं असलें कांहीं नव्हतें." हें म्हणणें अर्धें खरें आहे. नांव नव्हतें; मुलें होतीं. १९०२ सालीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स ह्या वैद्यसंस्थेंत डॉ. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल ह्यांनीं तीन व्याख्यानें दिलीं. बुद्धि चांगली असूनही ज्यांस आपला आवेग आवरत नाहीं अशा मुलांचें वर्णन त्यांनीं त्यांत केलें आहे. १९३७ सालीं अमेरिकेंत ऱ्होड आयलंड येथें डॉ. चार्ल्स ब्रॅडली ह्यांनीं अशा तीस अस्वस्थ मुलांस एक उत्तेजक औषध देऊन पाहिलें, आणि सुमारें निम्म्या मुलांचा शाळेंतील अभ्यास एकाएकीं सुधारलेला त्यांस आढळला. नांव तेवढें बदलत गेलें. आजचें नांव १९८७ सालापासून रूढ आहे.

मग आपल्या वाडवडिलांस हें दिसलें कसें नाहीं? आमचें उत्तर असें आहे. त्या काळच्या वाडींत अशा पोरास काम होतें. पहांटे उठून केळीस पाणी सोडावयाचें, माडावर चढावयाचें, बैलाच्या मागें धांवावयाचें, होडीबरोबर समुद्रावर जावयाचें. शाळा जमली नाहीं तर चौथीनंतर सुटे, आणि त्याबद्दल कोणी अश्रु ढाळीत नसे. हात चपळ, पाय चपळ, भीति कमी. ह्या गुणांचें वाडींत मोल होतें. आज तोच मुलगा साठ जणांच्या वर्गांत सहा तास बाकावर बसतो, मग शिकवणीस जातो, रात्रीं आठ वाजतां घरीं येऊन गृहपाठ उघडतो, आणि त्याची किंमत दहावीच्या टक्क्यांनीं ठरते. स्वभाव तोच राहिला. त्याजकडे करावयाची मागणी बदलली. आणि जुन्या काळीं तरी सगळ्यांचें भलें झालें होतें काय? प्रत्येक आळींत एखादा चुलता होता, ज्यानें पांच धंदे मांडले आणि पांचही मोडले, जो कर्जांत किंवा दारूंत बुडाला, आणि ज्याच्याविषयीं 'चांगला होता हो, फुकट गेला' एवढेंच म्हटलें गेलें. त्या सर्वांस हीच व्याधि होती असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. कोणीं विचारून पाहिलें नव्हतें, इतकेंच आम्ही म्हणतों.

आतां निदान होतें कसें, हें जाणून घ्या, म्हणजे अर्धी भीति जाईल. ह्यासाठीं रक्ताची तपासणी नाहीं. डोक्याचा फोटो काढून हें ठरत नाहीं. डॉक्टर विचारपूस करितात: आईबापांकडे, शिक्षकांकडे, आणि मुलाकडे. अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पांचव्या आवृत्तींतील कसोट्या जगभर वापरल्या जातात. त्यांत अवधानाच्या नऊ खुणा आहेत आणि चंचलता व उतावळेपणा ह्यांच्या नऊ. त्यांपैकीं एका गटांतील निदान सहा खुणा (सतरा वर्षांवरील व्यक्तींत पांच) सहा महिन्यांहून अधिक काळ दिसाव्या लागतात. त्यांतील कांहीं बारा वर्षांच्या आधींच दिसलेल्या असाव्या लागतात. त्या एकाहून अधिक ठिकाणीं, म्हणजे घरींही आणि शाळेंतही, दिसाव्या लागतात. आणि त्यांमुळें जीवनांत खरोखरीचा अडथळा यावा लागतो. ही शेवटची अट फार शहाणपणाची आहे असें आम्हांस वाटतें. नुसत्या खुणा कोणाच्या अंगीं नाहींत? छत्री विसरणें हा आजार असता तर जुलै महिन्यांत आमचें देऊळ रुग्णालय झालें असतें.

शंभरांत सुमारें पांच मुलांस ही स्थिति असते, असें जगांतील अनेक पाहण्या एकत्र करून २००७ सालीं काढलेलें अनुमान आहे. म्हणजे साठांच्या वर्गांत तीन. शिक्षकानें वर्गांतल्या पंधरा मुलांच्या हातीं चिठ्ठी दिली असेल तर प्रश्न कदाचित् वर्गाचा असेल.

ह्यास्तव कांहीं ठिकाणीं थोडें थांबावें. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत नऊ लक्षांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या, त्याचा निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें शाळाप्रवेशाची सीमा ३१ डिसेंबर आहे. डिसेंबरांत जन्मलेल्या, म्हणजे वर्गांत सर्वांत लहान असलेल्या मुलग्यांस जानेवारींत जन्मलेल्यांपेक्षां हें निदान ३० टक्के अधिक वेळां मिळालें होतें. अकरा महिन्यांनीं लहान असणें हा आजार नव्हे. तुमच्या मुलास वर्ष वाचविण्याच्या घाईनें लौकर शाळेंत घातलें असेल तर हें आधीं मनांत आणा. कान नीट ऐकूं येतात कीं नाहीं, फळा दिसतो कीं नाहीं, घशांतल्या गांठींमुळें मूल रात्रीं घोरतें व दिवसा पेंगतें काय, मध्येंच क्षणभर टक लावून हरवतें काय (ती अपस्माराची एक जात असूं शकते), हें बालरोगतज्ज्ञाकडून पाहून घ्या. आणि घरांत गेल्या वर्षीं काय घडलें तेंही आठवा. आजोबा वारले, बाप आखातांत गेला, रोज रात्रीं स्वयंपाकघरांत भांडण होतें. असें असेल तर मुलाचें लक्ष उडणारच, आणि त्याचें औषध दुकानांत मिळणार नाहीं.

परंतु पहिल्यापासून, सर्व ठिकाणीं, वर्षामागून वर्ष तेंच चाललें असेल. मूल स्वतः रडून म्हणत असेल कीं, 'मी ठरवतों, पण होत नाहीं'. मार देऊन, बक्षीस देऊन, देवळांत मेणबत्ती लावून सगळें करून झालें असेल. तर थांबण्यांत शहाणपण नाहीं. विशेषतः मुलींकडे पाहा. ज्या मुलीस बाकावर बसतां येतें, जी कोणास त्रास देत नाहीं, केवळ खिडकीबाहेर पाहात असते, तिच्या हातीं शाळा चिठ्ठी देत नाहीं. ती कॉलेजांत जाऊन कोसळते, आणि मग सर्वांस नवल वाटतें.

ह्या ठिकाणीं एक गोष्ट आम्हीं सांगितली पाहिजे, कारण ती आमच्याच प्रांतांतली आहे. पापनिवेदनाच्या आसनावर जें ऐकूं येतें तें तेथेंच राहातें. त्याविषयीं येथें एक अक्षरही नाहीं. पण मुलांस पापनिवेदन शिकवितांना आम्हांस एक पेंच पडतो. 'प्रार्थनेंत लक्ष नव्हतें, आईचें ऐकलें नाहीं, वर्गांत बोललों' ही यादी कांहीं मुलें दर महिन्यास तीच म्हणतील, आणि कांहीं वर्षांनीं असें ठरवतील कीं आपण जात्याच वाईट. सेमिनरींतल्या नीतिशास्त्राच्या प्रारंभींच्या पाठांत आम्ही शिकलों कीं, घोर पापास विषय गंभीर असावा लागतो, पूर्ण जाणीव असावी लागते, आणि पूर्ण संमति असावी लागते. उठूं नये हें ज्यास ठाऊक आहे, उठावयाचें नाहीं असें ज्यानें मनाशीं ठरविलें आहे, आणि तरीही जो उठून उभा राहातो, त्याची संमति किती धरावी? डॉ. स्टिलही ह्याच उंबरठ्यावर उभे होते. त्यांनीं त्या मुलांविषयीं 'नैतिक नियंत्रणाची उणीव' असे शब्द वापरले, पण तिचें कारण शोधावयास ते शरीराकडे वळले. मूल पापी आहे कीं आजारी, असा प्रश्न येथें नाहीं. ज्या चुकीवर त्याची सत्ता थोडी आहे तिच्यासाठीं त्यास पूर्ण शिक्षा मिळत आहे काय, हा प्रश्न आहे, आणि न्यायबुद्धीनें पाहणाऱ्या आईबापास तो टाळतां येणार नाहीं.

म्हणून सर्व माफ, असेंही कोणी समजूं नये. भावास दगड मारला तर क्षमा मागितलीच पाहिजे. ज्यास चष्मा मिळाला त्यानें फळा वाचावा अशी अपेक्षा आपण चष्मा मिळाल्यावर अधिकच करतों.

आतां बाहेर स्कूटरवर बसलेल्या बापाकडे वळूं. पुष्कळ वेळां असें होतें कीं, डॉक्टरनीं मुलाविषयीं भरावयास दिलेला कागद बाप वाचूं लागतो आणि चौथ्या प्रश्नावर थबकतो. किल्ल्या हरवणें, दुसऱ्याचें बोलणें पुरें होण्याच्या आंत उत्तर देणें, सुरू केलेलें काम अर्धें टाकणें. हें तर आपलें वर्णन! ह्यांत आश्चर्य नाहीं. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असें दिसतें कीं, ह्या स्थितींत माणसामाणसांत जो फरक आढळतो त्याचा सुमारें तीन-चतुर्थांश अनुवंशानें येतो. मोठ्या माणसांतही शंभरांत दोनतीन जणांस ती असते. मोठ्या माणसानें निदान करून घ्यावें काय? आमचें मत मुलांच्या बाबतींत आहे त्याहून येथें अधिक सैल आहे. ज्यानें आपल्या स्वभावाजोगा धंदा शोधला आहे, ज्याची बायको हिशेब ठेवते आणि दोघेंही त्यांत सुखी आहेत, त्यानें कागदासाठीं धांवाधांव करण्याचें कारण नाहीं. पण तिसरी नोकरी गेली असेल, कर्जाचे हप्ते केवळ विसरल्यामुळें थकत असतील, मोटारसायकलचे अपघात होत असतील, 'मी नालायक आहे' हें वाक्य रात्रीं झोंपूं देत नसेल, तर वय आडवें आणूं नये. स्वीडनमधील नोंदींवरून २०१४ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, ही स्थिति असलेल्या पुरुषांत औषध चालूं असतांना वाहनांचे गंभीर अपघात पुष्कळ कमी झाले होते. मोठ्यांच्या निदानासाठीं बालपणीचा पुरावा लागतो. जुनीं प्रगतिपुस्तकें फेंकूं नका, आणि आईस विचारा. तिला सगळें आठवत असतें.

औषधांविषयीं थोडक्यांत सांगतों. सहा वर्षांखालील मुलांत आधीं आईबापांनींच वागण्याची रीत शिकावयाची असते: आज्ञा एका वेळीं एकच, छोटी, मुलाजवळ जाऊन, शाबासकी ताबडतोब. मोठ्या मुलांतही हें सुटत नाहीं. गरज पडल्यास त्यास औषधाची जोड देतात. त्यांतलें मुख्य मेथिलफेनिडेट हें १९४४ सालीं स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनींत तयार झालें. तें शोधणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाच्या पत्नीचें लाडकें नांव रीटा. त्यावरून त्याचें रिटालिन हें नांव पडलें. आपल्या देशांत १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याखालीं तें येत असल्यामुळें डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून मिळत नाहीं आणि प्रत्येक दुकानांत नसतें. त्यानें भूक मंदावते, झोंप लांबते, वजन व उंची ह्यांवर नजर ठेवावी लागते. डॉक्टरच्या देखरेखीखालीं तें घेतल्यानें पुढें व्यसनीपणा वाढतो असें संशोधनांत दिसून आलेलें नाहीं. निदान झालें म्हणून औषध घेतलेंच पाहिजे असें नाहीं; तो दुसरा निर्णय आहे, त्यासाठीं दुसऱ्या दिवशीं विचार करावा.

परीक्षेंतील सवलतींबद्दल गैरसमज फार आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत एकवीस प्रकार नमूद आहेत. त्यांत विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहे. ही स्थिति स्वतंत्रपणें नाहीं. मात्र पुष्कळ मुलांत दोन्ही एकत्र असतात, म्हणून तपासणी करितांना वाचन, लेखन व गणित ह्यांचीही करून घ्यावी. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत अध्ययन-अक्षमतेचा विभाग आहे. दहावीच्या वर्षाच्या जानेवारींत तेथें धांवून उपयोग नाहीं. सहावी-सातवींत असतांनाच जावें. कोठें जावें हेंच सुचत नसेल तर सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तेथें मराठींत बोलतां येतें.

जातांना मुलाच्या वह्या न्या: चांगल्या नव्हे, नेहमींच्या. दोन आठवडे कागदावर लिहून ठेवा कीं, काय घडलें, केव्हां, आणि कशानें निभावलें. मुलास 'वेड्यांच्या डॉक्टरकडे नेतों' असा धाक घालूं नका. 'तुला बसावयास कां जड जातें तें विचारावयास जात आहों' असें खरें तें सांगा. सात वर्षांच्या मुलास एवढें समजतें. डॉक्टर 'ही स्थिति नाहीं' असेंही सांगतील, तर तेंही उत्तर घेऊन या. मग बोलावयास आम्ही आहोंच.

शहरांतल्या रुग्णालयांत दोनतीन खेपा होतात, प्रत्येक खेपेस पुरा दिवस जातो, आणि रोजावर जाणाऱ्या बापास तो परवडत नाहीं, हें आम्ही जाणतों. आपल्या धर्मग्रामांतील तीन निवृत्त शिक्षिका अशा आईंबरोबर जावयास तयार झाल्या आहेत. ज्यांस त्यांची सोबत हवी असेल त्यांनीं नांव लिहून, पाकीट बंद करून, कार्यालयांत आमच्या हातीं द्यावें. तें वेदीवरून वाचलें जाणार नाहीं.